सही खरी, संमतीचे काय?
हिंगोलीतील सावकारी खरेदीखते आणि करार कायद्यातील ‘अनुचित प्रभाव’

खरेदीखतावरची सही शेतकऱ्याचीच असते. दुय्यम निबंधकासमोर ‘मजकूर मान्य आहे, रक्कम मिळाली’ असेही तोच सांगतो. साक्षीदार गावातलेच असतात, छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा नियमाप्रमाणे घेतलेला असतो, आणि काही दिवसांत फेरफार होऊन सातबारावर नवे नाव चढते. कागदोपत्री पाहता या व्यवहारात बोट ठेवायला जागा नसते. तरीही जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात तक्रार येते ती अशी, की जमीन विकायची नव्हतीच. पैसे कर्जाऊ घेतले होते, तारण म्हणून खरेदीखत करून दिले होते, पैसे फेडले की जमीन परत मिळेल अशी बोली झाली होती.

हिंगोली जिल्ह्यात आणि एकूणच मराठवाड्यात अशा तक्रारी नव्या नाहीत. अवैध सावकारीवरील चर्चा बहुधा व्याजाच्या दरापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. या तक्रारींच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र वेगळा आहे. नडलेल्या माणसाने दिलेली संमती कायद्याने कितपत खरी मानायची? करार कायद्याने या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. ते उत्तर ऋणकोच्या हाती सहसा का लागत नाही आणि २०१४ च्या सावकारी कायद्याने त्यात काय बदलले, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

कायद्याच्या पानावरचा सावकार

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १४ नुसार संमती मुक्त असावी लागते. जबरदस्ती, अनुचित प्रभाव, कपट, चुकीचे निवेदन किंवा चूक यांमुळे मिळालेली संमती मुक्त ठरत नाही. यांपैकी जबरदस्ती आणि कपट ओळखायला तुलनेने सोपे. धमकी दिली किंवा खोटे सांगितले, हे दाखवता येते. अनुचित प्रभावात मात्र धमकीही नसते आणि खोटेही नसते. एका पक्षाच्या इच्छेवर दुसऱ्याचा असा काही पगडा असतो, की समोरचा ‘नाही’ म्हणण्याच्या स्थितीतच नसतो.

कलम १६ ला आजचे रूप १८९९ च्या दुरुस्तीने मिळाले. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकेल असे दोघांमधील संबंध असतील, आणि त्या स्थितीचा वापर करून त्याने गैरवाजवी लाभ मिळवला असेल, तर तो करार अनुचित प्रभावाखाली झाला असे हे कलम म्हणते. ज्याच्याकडे खरा वा दिखाऊ अधिकार आहे, ज्याच्याशी विश्वासाचे नाते आहे, किंवा वय, आजार अथवा मानसिक-शारीरिक क्लेश यांमुळे ज्याची समज क्षीण झाली आहे अशा माणसाशी जो करार करतो, तो वर्चस्वाच्या स्थितीत आहे असे कायदा गृहीत धरतो. शिवाय वर्चस्वाच्या स्थितीतील माणसाने केलेला व्यवहार सकृद्दर्शनीच सदसद्विवेकाला न पटणारा असेल, तर प्रभाव टाकला नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच येते.

या कलमाखाली दिलेली उदाहरणे वाचनीय आहेत. एका उदाहरणात आजाराने वा वयाने खचलेल्या माणसाकडून अवाजवी रक्कम कबूल करून घेणारा वैद्य आहे. दुसऱ्यात आपल्या गावच्या सावकाराचा आधीच ऋणी असलेला माणूस त्याच्याकडूनच, उघड अन्याय्य दिसणाऱ्या अटींवर, पुन्हा कर्ज घेतो. येथे आपण प्रभाव टाकला नव्हता हे सावकाराने सिद्ध करायचे आहे. त्यापुढच्या उदाहरणात बाजारात पैशाची टंचाई असताना बँकवाला जबर व्याज मागतो आणि गरजू ते कबूल करतो. हा मात्र नेहमीच्या धंद्यातला व्यवहार, त्यात अनुचित प्रभाव नाही. कलम १९-अ मध्ये तर सावकार शेतकऱ्याला १०० रुपये देतो आणि प्रभाव वापरून २०० रुपयांचा, दरमहा ६ टक्के व्याजाचा रोखा लिहून घेतो असे उदाहरण आहे. न्यायालयाने तो रोखा रद्द करावा आणि शेतकऱ्याने १०० रुपये न्याय्य वाटेल तेवढ्या व्याजासह परत करावेत, असा त्यावरचा तोडगा.

म्हणजे गावचा सावकार कायदेकर्त्यांना ठाऊक होता आणि नडलेला शेतकरीही ठाऊक होता. दोघेही कायद्याच्या पानावर नाव न घेता उभे आहेत. हे कलम आजही जसेच्या तसे लागू आहे. हिंगोली तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने भारतीय करार कायदा या भागाला लागू झाला तो १९५१ मध्ये. त्यालाही आता सत्तर वर्षे उलटून गेली.

पहिल्याच पायरीवर अडखळ

असे असताना दिवाणी न्यायालयात ऋणकोचा दावा टिकत का नाही? याचे उत्तर प्रिव्ही कौन्सिलच्या एका निकालात सापडते. रघुनाथ प्रसाद विरुद्ध सरजू प्रसाद हे ते प्रकरण. त्याचा निकाल १९२३ च्या अखेरीस लागला. कौटुंबिक मालमत्तेच्या वादात सापडलेल्या एकाने आपली मिळकत गहाण ठेवून सुमारे दहा हजार रुपये २४ टक्के चक्रवाढ व्याजाने घेतले होते. सुमारे ११ वर्षांत ते देणे एक लाख बारा हजारांवर गेले. प्रिव्ही कौन्सिलने तरीही ऋणकोची बाजू मान्य केली नाही. न्यायालयाने तीन प्रश्न एका ठरावीक क्रमाने विचारावेत, असे या निकालाने घालून दिले. पहिला, दोघांमधील संबंध एकाला दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व देणारे होते काय? दुसरा, त्या वर्चस्वातून करार घडवून आणला काय? तिसरा, सिद्धतेचा भार कोणावर? हा क्रम उलटवून ‘व्यवहार किती अन्याय्य आहे पाहा’ येथून सुरुवात करता येणार नाही. धनको आणि ऋणको एवढ्याच नात्यातून वर्चस्व सिद्ध होत नाही. पैशाची निकड म्हणजे प्रभाव नव्हे.

पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हीच चौकट कायम ठेवली. १९५१ च्या बिशुनदेव नारायण प्रकरणात न्यायालयाने बजावले, की अनुचित प्रभावाचा मोघम आरोप चालणार नाही. कोणी, कसा, कोणत्या रीतीने प्रभाव टाकला याचा तपशील दाव्यात असलाच पाहिजे. १९६७ च्या सुभाषचंद्र दास मुशीब प्रकरणात आजोबांनी नातवाला दिलेल्या बक्षीसपत्राचा वाद होता. केवळ जवळचे नाते किंवा वृद्धत्व एवढ्यावरून प्रभाव गृहीत धरता येत नाही, असे तेथे ठरले.

कायद्याची ही सावध भूमिका अनाठायी नाही. भाव वाढल्यावर प्रत्येक विक्रेत्याने ‘मी नडलो होतो’ म्हणून खरेदीखत रद्द करून मागितले, तर कोणताच व्यवहार पक्का राहणार नाही. परंतु या सावधगिरीची किंमत ज्यांना मोजावी लागते, ते सेनगाव-कळमनुरीच्या कोरडवाहू पट्ट्यातले शेतकरी आहेत. त्यांच्या दृष्टीने पहिलीच पायरी सर्वांत उंच आहे. वर्चस्व हे गावच्या व्यवहारात मुरलेले असते. ते कागदावर उतरत नाही. पेरणीला पैसे देणारा, माल विकत घेणारा, लेकीच्या लग्नात उसनवारी करणारा आणि ग्रामपंचायतीत वजन असणारा माणूस अनेकदा एकच असतो. हे सारे गावाला ठाऊक असते. त्याचा पुरावा मात्र साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून कोणी देत नाही.

हंगामाचे अर्थकारण

हे वर्चस्व कोठून येते हे समजण्यासाठी जिल्ह्याच्या शेतीकडे पाहावे लागते. परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ. सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद ही त्याची पिके. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि हिंगोलीचा हळद बाजार राज्याच्या नकाशावर ठळक आहे. पण हळद हे जवळपास नऊ महिन्यांचे पीक. मे-जूनमध्ये बेणे, शेणखत, ठिबक आणि मजुरी यांवर एकरकमी खर्च करायचा आणि पैसा हाती यायचा तो पुढच्या वर्षी काढणी, शिजवणी, वाळवणी आणि पॉलिश झाल्यावर. सोयाबीनचे चक्र लहान असले, तरी पाऊस लांबला की दुबार पेरणीचा खर्च आठ दिवसांत उभा करावा लागतो.

या आठ दिवसांतच सौदाशक्ती कोणाची हे ठरते. मागील कर्ज थकले असेल तर बँक नवे पीककर्ज देत नाही. जिल्हा वेगळा होऊन पाव शतक उलटले, तरी हिंगोलीला स्वतःची जिल्हा मध्यवर्ती बँक नाही; परभणीच्याच बँकेचे कार्यक्षेत्र दोन्ही जिल्ह्यांवर आहे. कृषी सेवा केंद्राची उधारी, अडत्याची उचल आणि शेवटी खासगी सावकार अशी उतरंड मग सुरू होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सेनगाव तालुक्यातील काही शेतकऱ्यांनी पीककर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विकत घ्यावेत, अशी मागणी सरकारकडे केली आणि ती घेऊन ते मुंबईपर्यंत गेले. ते आंदोलन बँकेच्या कर्जासंबंधी होते, सावकारीसंबंधी नव्हते. परंतु ज्याच्यावर शरीराचा भाव जाहीर करण्याची वेळ येते, तो खरेदीखतावर सही करताना किती मुक्त असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

व्याजाचा हिशेब साधा आहे. एक लाख रुपये दरमहा शेकडा पाचाने घेतले, तर चक्रवाढ न धरताही वीस महिन्यांत व्याज मुद्दलाएवढे होते. शासनाने सप्टेंबर २०१४ मध्ये परवानाधारक सावकारांसाठी ठरवून दिलेले दर शेतकऱ्यांना तारणी कर्जावर सालिना ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के असे होते. १२ टक्क्यांनी तेवढेच व्याज व्हायला आठ वर्षे चार महिने लागतील. या दोन मुदतींमधला फरक म्हणजेच परवाना नसलेल्या सावकाराचा फायदा, आणि तो वसूल होईल याची हमी म्हणून खरेदीखत.

कर्जाला खरेदीचे रूप

तारण म्हणून गहाणखत न करता खरेदीखत का केले जाते? कारण गहाणात जमीन सोडवण्याचा ऋणकोचा हक्क शाबूत राहतो. खरेदीखतात तो उरत नाही. मधला मार्ग म्हणजे मुदतखरेदी. ठरावीक मुदतीत पैसे परत केले तर जमीन परत, अशा शर्तीची खरेदी. पूर्वी अशा व्यवहाराला न्यायालये गहाण ठरवू शकत असत. १९२९ मध्ये मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये एक परंतुक घालण्यात आले. परतीची शर्त त्याच दस्तात असेल तरच तो व्यवहार गहाण मानता येईल. वाद कमी व्हावेत हा त्यामागचा हेतू होता. पण चतुर धनकोला त्यातून वाटच मिळाली. खरेदीखत बिनशर्त करून घ्यायचे आणि परतीचे वचन तोंडी द्यायचे, फार तर वेगळ्या मुद्रांकावर सौदाचिठ्ठी लिहून द्यायची. दस्त दोन झाले की गहाण संपले.

त्यातच पुरावा कायद्याचा दंडक असा, की लेखी दस्तातील शर्तींविरुद्ध तोंडी पुरावा घेता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यातील कलम ९२ चे हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. त्याला अपवाद आहेत. कपट, धाकदपटशा अशा दस्त बाद करणाऱ्या गोष्टी तोंडी पुराव्याने सिद्ध करता येतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या गंगाबाई विरुद्ध छबूबाई या निकालात असेही स्पष्ट केले, की दस्त नाममात्र होता, त्याप्रमाणे वागण्याचा पक्षकारांचा इरादाच नव्हता आणि खरा व्यवहार वेगळाच होता, हे दाखवण्यास कलम ९२ आड येत नाही. हा निकाल ऋणकोच्या बाजूने मोठा आधार आहे. परंतु तो वापरण्यासाठी दिवाणी दावा लावावा लागतो, वर्षानुवर्षे तो चालवावा लागतो, आणि दस्त रद्द करून मागण्याची मुदत कारण कळल्यापासून अवघी तीन वर्षे आहे. सावकाराच्या आश्वासनांवर विसंबून राहण्यातच ती अनेकदा निघून जाते.

जुनाच दरवाजा पुन्हा उघडला

महाराष्ट्राला हा पेच नवा नाही. मे १८७५ मध्ये सुप्याला सुरू होऊन पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या रोख्यांवर राग काढला. कागद ताब्यात घेऊन जाळणे हेच त्या उठावाचे मुख्य कृत्य होते. आपल्या सहीचाच कागद आपल्याविरुद्ध उभा राहतो, हे त्या निरक्षर शेतकऱ्यांना नेमके कळले होते. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी असलेल्या या कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. पुढे दुरुस्ती होऊन, कलम ९२ काहीही म्हणत असले तरी शेतकऱ्याच्या व्यवहाराचे खरे स्वरूप शोधता येईल, अशी तरतूदही झाली. शिवाय शेतकऱ्याचे दस्त ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावेत आणि त्याने मजकूर समजावून सांगावा, अशी व्यवस्था त्यात होती. मराठवाडा निजामाकडे असल्यामुळे या संरक्षणाबाहेर राहिला.

१६ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्याचे कलम १८ या परंपरेतले आहे. सावकाराच्या ताब्यात विक्री, गहाण, भाडेपट्टा वा अन्य मार्गाने आलेली स्थावर मालमत्ता ही मुळात कर्जाचे तारण होती, असे जिल्हा निबंधकाला चौकशीत आढळले, तर तो दस्त अवैध ठरवून ताबा ऋणकोला परत देण्याचा आदेश देऊ शकतो. सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक हाच या कायद्याखालील जिल्हा निबंधक. गेल्या १५ वर्षांतील व्यवहारांपर्यंत ही चौकशी मागे जाऊ शकते. दिवाणी दाव्याच्या तीन वर्षांच्या मुदतीशी तुलना केली, म्हणजे या तरतुदीचे महत्त्व लक्षात येते. विनापरवाना सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही कायद्यात आहे.

या कायद्याने केलेला खरा बदल प्रश्नाचा आहे. करार कायदा विचारतो, ‘तुझ्या इच्छेवर त्याचे वर्चस्व होते काय?’ सावकारी कायदा विचारतो, ‘हा व्यवहार मुळात काय होता?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या मनात दडलेले असते. दुसऱ्याचे उत्तर परिस्थितीत सापडते. खरेदीखतातली किंमत रेडीरेकनरच्या दराहून बरीच कमी होती काय? ‘विक्री’नंतरही जमीन विकणाराच कसत राहिला काय? घेणाऱ्याच्या नावावर दोन-चार वर्षांत वेगवेगळ्या गरजूंकडून अशीच खरेदीखते झाली आहेत काय? पैसे बँकेतून गेले की रोख? ‘विक्री’नंतरही विकणारा घेणाऱ्याला हप्त्याने पैसे का देत होता? या प्रश्नांची उत्तरे नोंदणी कार्यालयात, तलाठ्याच्या दप्तरात आणि बँकेच्या खातेउताऱ्यात मिळू शकतात.

कलम १८ ची मर्यादा

तरीही कलम १८ हा रामबाण नाही. समोरचा माणूस सावकारीचा धंदा करतो हे आधी दाखवावे लागते. एखाद्दुसरा हातउसना व्यवहार म्हणजे धंदा नव्हे, हे न्यायालयांचे स्थिर मत आहे. खरेदीखते पत्नी, मुलगा, मेहुणा अशा वेगवेगळ्या नावांवर विखुरली की धंद्याचा माग काढणे कठीण होते. जमीन तिसऱ्याला विकली गेली असेल तर गुंता आणखी वाढतो. उलट बाजूही आहे. खरोखर जमीन विकून, पुढे भाव वाढल्यावर सावकारीची तक्रार करणारेही असतात, आणि प्रामाणिक खरेदीदाराला १५ वर्षे टांगणीला ठेवणे न्याय्य नाही. निबंधकाचा आदेश कारणमीमांसेसह आणि पुराव्यावर उभा असला पाहिजे. अन्यथा विभागीय सहनिबंधकांकडील अपिलात आणि पुढे उच्च न्यायालयाच्या खंडपीठात तो टिकत नाही. ते खंडपीठ हिंगोलीपासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरला आहे. सहकारी संस्थांच्या निवडणुका, वसुली आणि लेखापरीक्षण यांत गुंतलेल्या खात्याकडे हे अर्धन्यायिक काम जोडकाम म्हणून आले आहे, हीच या यंत्रणेची मोठी उणीव.

दुसरी मर्यादा राजकीय आहे. विदर्भातील बुलडाणा जिल्ह्याच्या प्रकरणात ती उघडी पडली. खामगावच्या तत्कालीन आमदाराच्या कुटुंबीयांविरुद्ध सावकारीच्या तक्रारी होत्या. ३१ मे २००६ रोजी मुख्यमंत्री कार्यालयातून पोलिसांना सूचना गेली, की या कुटुंबाविरुद्धची तक्रार आधी जिल्हा समितीपुढे ठेवावी, कायदेशीर अभिप्राय घ्यावा आणि मगच गुन्हा नोंदवावा. १४ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या या हस्तक्षेपावर कठोर ताशेरे ओढले आणि राज्य सरकारवर बसवलेला खर्च २५ हजारांवरून १० लाख रुपयांवर नेला. सावकाराचे वर्चस्व गावापुरतेच राहत नाही, हे या निकालाने अधोरेखित केले.

घरातला प्रभाव

शहरी वाचकाला हा सारा प्रश्न दूरच्या शिवारातला वाटेल. पण अनुचित प्रभावाचे सर्वाधिक परिचित रूप घरातच असते. भावांनी बहिणींकडून घेतलेली हक्कसोडपत्रे आणि वृद्ध आई-वडिलांकडून करून घेतलेली बक्षीसपत्रे ही त्याची ठळक उदाहरणे. येथे सावकाराची जागा माया घेते. ‘माहेर तुटेल’ ही भीती किंवा ‘आता यांच्याशिवाय कोण आहे’ ही हतबलता संमतीचे काम करते.

या क्षेत्रातही कायद्याने सावकारी कायद्यासारखाच मार्ग निवडला आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचे कलम २३ म्हणते, की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण कपटाने, जबरदस्तीने किंवा अनुचित प्रभावाखाली झाले असे मानले जाईल. मन तपासण्याचा प्रश्नच उरत नाही. वर्तन तपासले की पुरे. डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांभाळाची अट सिद्ध व्हावी लागते असे म्हटले. २ जानेवारी २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित प्रकरणात मात्र कायद्याचा हेतू लक्षात घेऊन उदार अर्थ लावला आणि मालमत्तेचा ताबा परत देण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार मान्य केला. आई-वडिलांनी बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत लिहून घेणे, हा या दोन निकालांचा व्यावहारिक बोध.

सहीच्या क्षणी संरक्षण

या सर्व तरतुदी सही झाल्यानंतर धावून येणाऱ्या आहेत. हानी होण्याआधीच ती टाळण्याचा विचार इंग्लंडमधील न्यायालयांनी केला. १९७४ च्या लॉइड्स बँक विरुद्ध बंडी प्रकरणात एका वृद्ध शेतकऱ्याने मुलाच्या धंद्यासाठी आपले एकमेव घर बँकेला तारण दिले होते. बँकेने त्याला स्वतंत्र सल्ला घेण्यास सांगितले नाही, म्हणून ते तारण रद्द झाले. २००१ च्या एट्रिज प्रकरणात तर हाउस ऑफ लॉर्ड्सने नियमच घालून दिला, की पत्नी पतीच्या कर्जाला हमी देत असेल, तर तिला स्वतंत्र वकिलाने परिणाम समजावून सांगितल्याची खातरजमा बँकेने करावी. सही खरी आहे काय, यापुढे जाऊन ती समजून केली आहे काय, हा प्रश्न तेथे दस्त होण्यापूर्वीच विचारला जातो.

१८७९ चा ग्रामनिबंधक हेच काम करणार होता. आज त्याचे पुनरुज्जीवन करण्यासाठी नवा कायदा लागेलच असे नाही. शेतजमिनीच्या खरेदीखतात मोबदला बँकेमार्फतच दिला जावा. विकणाऱ्याला ‘ही कायमची विक्री आहे, पैसे फेडून जमीन परत मिळणार नाही’ हे त्याच्या भाषेत सांगून तसे स्वतंत्र निवेदन घेतले जावे. तालुका विधी सेवा समितीच्या वकिलाचा विनामूल्य सल्ला नोंदणी कार्यालयाच्या आवारातच मिळावा. आणि एकाच व्यक्तीच्या वा कुटुंबाच्या नावे थोड्या काळात अनेक अल्पमूल्य खरेदीखते झाली, तर त्याची सूचना जिल्हा उपनिबंधकांना आपोआप जावी. नोंदणी संगणकीकृत असल्याने यांतील शेवटची गोष्ट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तिला खात्याखात्यांतील समन्वयाची इच्छा मात्र लागेल.

पेरणीच्या आठ दिवसांत बँकेचे कर्ज वेळेवर मिळाले, तर यांपैकी बऱ्याच उपायांची गरजच पडणार नाही, हे खरे. ते होईपर्यंत ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याच्या हाती काय आहे? व्यवहाराला पंधरा वर्षे झाली नसतील तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज; हप्त्यांच्या नोंदी, फोनवरील संदेश, वीजपंपाची बिले आणि पीकपाहणी यांची जपणूक; तीन वर्षे उलटण्यापूर्वी दिवाणी दावा, आणि त्यात कोणी, केव्हा, कसा प्रभाव टाकला याचा तारीखवार तपशील. खरेदीखत ही विक्री नसून कर्जाचे तारण होते, हे याच कागदांवरून दाखवावे लागते. आणि ते कागद वादाची चाहूल लागण्याआधीपासून जपलेले असतील, तरच चौकशीच्या दिवशी हाताशी येतात.